किडनीची खबर आधी लघवीत येते

मधुमेह जुना झालेल्या काही घरांत एक दिवस आनंदाची बातमी येते. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांचा डोस निम्म्यावर आला. जेवण तेच, फिरणं उलट कमी झालेलं, तरी साखर आपोआप उतरली. कोणी म्हणतं हा मेथीदाण्यांचा गुण, कोणी म्हणतं त्या नव्या काढ्याचा; आणि आठवड्याभरात काढ्याची बाटली शेजारच्या घरीही पोचते. पण अशा वेळी खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचा मोठा हिस्सा किडनी मोडून संपवते. ती दुबळी झाली की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि तेवढ्याच डोसात साखर अधिक खाली जाते. किडनी स्वतःही थोडी साखर तयार करत असते, तेही काम मंदावतं. त्यात भूक गेलेली असते. मधुमेह बरा झालेला नसतो, किडनी मात्र बरीचशी गेलेली असते.

म्हणून पहिली सूचना हीच: कारण नसताना साखर उतरायला लागली, रात्री घामाघूम होऊन जाग यायला लागली, डोस वारंवार कमी करावा लागला, तर पेढे वाटण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारी तपासणी) करून घ्या.

खरं तर गोष्ट इथपर्यंत यायलाच नको. मधुमेहामुळे किडनी बिघडायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात आणि त्यातली बरीचशी वर्षं बिघाड पकडता येईल, रोखता येईल अशी असतात. अडचण अशी, की आपल्याकडे मधुमेहाचा सगळा हिशेब बोटाच्या टोकावरच्या थेंबापाशी संपतो. उपाशीपोटी किती आली, जेवणानंतर किती आली, एवढंच विचारलं जातं. किडनीचं खातं लघवीत लिहिलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही.

हे खातं किती मोठं आहे पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. राज्यांत गोवा सर्वांत वर, तिथे प्रौढांतलं प्रमाण 26.4 टक्के आढळलं, म्हणजे दर चौघांत एक. मधुमेह असलेल्यांपैकी ढोबळमानाने तिघांतल्या एकाच्या किडनीवर पुढेमागे परिणाम होतो. उरलेल्या दोघांच्या होत नाही, हेही लक्षात ठेवावं. ‘शुगर आहे म्हणजे आज ना उद्या डायलिसिस’ ही भीती खोटी आहे.

आत नेमकं काय घडतं

एका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाकाठी साधारण 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं पाणी, मीठ, साखर पुढच्या नळ्यांमधून परत रक्तात घेतलं जातं आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते.

रक्तातली साखर वाढली की या नळ्यांवर जास्तीची साखर परत खेचण्याचं काम पडतं. साखरेबरोबर मीठही खेचलं जातं. पुढे नळीच्या टोकाशी मीठ मोजणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत मीठ कमी पोचतं, त्यामुळे त्यांचा समज होतो की गाळणं कमी पडतंय. मग त्या गाळणीकडे रक्त आणणारी बारीक रोहिणी सैल करायचा इशारा देतात. गाळणीत रक्ताचा दाब वाढतो आणि किडनी गरजेपेक्षा जास्त गाळू लागते. या टप्प्यावर रिपोर्ट उत्तम दिसतो, कधीकधी गरजेपेक्षाही उत्तम. काही तरुण रुग्णांना त्याचा आनंद होतो, पण ते नुकसानीचं पहिलं पाऊल असू शकतं.

असा दाब वर्षानुवर्षं राहिला की गाळणीचा पडदा जाड होतो, त्याला धरून ठेवणाऱ्या पेशी सुटायला लागतात आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपू लागतं. त्यानंतर हळूहळू गाळण्यांत व्रण पडतात आणि त्या एकेक करून बंद होतात. मधुमेहात किडनीत होणाऱ्या गाठींसारख्या बदलांचं वर्णन पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी 1936 मध्ये केलं, तेव्हा ते मृत रुग्णांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. आज तेच नुकसान जिवंत माणसाच्या लघवीच्या नमुन्यात कितीतरी आधी दिसतं. ते बघायचं की नाही, एवढाच प्रश्न उरलाय.

साखर आटोक्यात ठेवल्याने खरंच फरक पडतो का

पडतो, आणि याचा पुरावा भक्कम आहे. अमेरिका-कॅनडातल्या ‘डीसीसीटी’ या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 मध्ये आले. टाइप 1 मधुमेह असलेल्यांमध्ये साखर कडक नियंत्रणात ठेवल्यावर लघवीतून अल्ब्युमिन थोडं झिरपू लागण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी, तर जास्त झिरपण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी कमी झालं. ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ने 1998 मध्ये टाइप 2 मधुमेहाबाबत तशीच दिशा दाखवली. या दोन्ही अभ्यासांचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी सुरुवातीची वर्षं शिस्तीत काढलेल्यांना त्याचा फायदा पुढे कित्येक वर्षं मिळत राहिला. म्हणजे मधुमेह नुकताच कळला असेल, वय चाळीस-पंचेचाळीस असेल आणि ‘अजून तर काही त्रास नाही’ असं वाटत असेल, तर नेमकी तीच वर्षं सर्वांत किमती आहेत. दुर्दैवाने ढिलाईही याच वर्षांत सर्वांत जास्त होते.

मात्र ‘जितकी कमी तितकी चांगली’ हेही खरं नाही. 2008 मध्ये ‘अकॉर्ड’ या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, 6 टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. हृदयविकाराचा धोका असलेल्या त्या रुग्णांत मृत्यू वाढलेले दिसले आणि तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. म्हणून एचबीए1सी बहुतेकांसाठी 7 टक्क्यांच्या आसपास असावं. वय कमी आणि मधुमेह नवा असेल, साखर एकदम उतरण्याची भीती नसेल, तर साडेसहा. सत्तरीपुढच्या, हृदयविकार असलेल्या किंवा किडनी बरीच दुबळी झालेल्या माणसाला साडेसात-आठही चालतं. आपला आकडा डॉक्टरांना विचारून घ्यावा. मेहुण्याचा आकडा आपल्या कामाचा नाही.

इथे एक बारीक गोष्ट, जी फारशी सांगितली जात नाही. किडनी बरीच बिघडली की रक्तपेशींचं आयुष्य घटतं आणि अशा वेळी एचबीए1सी खोटंच कमी दिसू शकतं. उलट लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात ते खोटंच जास्त दिसतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे हे सांगायला नको. त्यामुळे ग्लुकोमीटरवरचे आकडे आणि एचबीए1सी यांचा मेळ बसत नसेल, तर हिमोग्लोबिनही बघायला सांगावं.

दोन तपासण्या, वर्षातून एकदा

पहिली तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिनची. लॅबच्या यादीत तिला ‘युरीन एसीआर’ किंवा ‘मायक्रोअल्ब्युमिन’ म्हणतात. लघवीच्या एका नमुन्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. 30 ते 300 म्हणजे गळती सुरू झाली आहे, आणि 300 च्या वर म्हणजे ती वाढलेली आहे. खर्च काही शे रुपये. तरीही मधुमेहाच्या जाड फायलींमध्ये सर्वांत कमी वेळा सापडणारा कागद हाच असतो.

लघवीची नेहमीची तपासणी म्हणजे ही नव्हे. त्या कागदावर ‘प्रोटीन: निल’ असं लिहून आलं तरी थोडी गळती त्यातून सुटलेली असू शकते, कारण साध्या पट्टीला ती कळत नाही. लघवीला फेस येतो का, हेही खात्रीचं लक्षण नाही. फेस दिसेपर्यंत गळती बरीच वाढलेली असू शकते, आणि निरोगी माणसाच्या लघवीलाही कधी फेस येतो.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांमुळे आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून अशा दिवशी देऊ नये. एकदा वाढलेला आला म्हणून हाय खायची नाही. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून तीनपैकी दोनदा वाढलेला आला तरच गळती पक्की धरतात.

दुसरी तपासणी रक्तातल्या क्रिएटिनिनची. इथे बहुतेक लोक फसतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, त्यामुळे स्नायू कमी असलेल्या माणसात किडनी बिघडूनही ते कमीच राहतं. क्रिएटिनिन 1.2 आलं असं समजा. बऱ्याच लॅबच्या कागदावर ते मर्यादेत किंवा काठावर दिसेल. हा आकडा तीस वर्षांच्या पुरुषाचा असेल तर त्याच्या किडनीची गाळण्याची क्षमता साधारण 83 निघते. पासष्ट वर्षांच्या बाईचा असेल तर साधारण 50. आकडा तोच, पण त्या मावशींच्या किडनीची जवळजवळ निम्मी क्षमता गेलेली असते, आणि घरी येऊन त्या सांगतात की क्रिएटिनिन नॉर्मल आहे.

म्हणून क्रिएटिनिनवरून काढलेली गाळण्याची क्षमता, म्हणजे ‘ईजीएफआर’, लिहून मागावी. तिचं सूत्र वय आणि लिंग धरून मांडलेलं आहे आणि बऱ्याच लॅब ती आपणहून देतात. 90 च्या वर चांगली. 60 ते 90 असेल आणि लघवीत गळती नसेल तर सहसा काळजी नाही, उतारवयात ती थोडी घटतेच. तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली असेल तर किडनीचा आजार मानतात. 15 च्या खाली गेल्यावर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ जवळ येते.

टाइप 2 मधुमेह कळला त्याच दिवशी दोन्ही तपासण्या कराव्यात, कारण हा मधुमेह कळण्याआधी काही वर्षं अंगात मुरलेला असू शकतो. टाइप 1 मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात करतात. पुढे दोन्ही प्रकारांत दरवर्षी. गळती किंवा घट सापडली तर दर तीन-सहा महिन्यांनी. डोळ्यांचा पडदाही दरवर्षी तपासावा, कारण डोळा आणि किडनी बहुधा सोबतीने बिघडतात. किडनी बिघडली पण डोळा स्वच्छ आहे, किंवा लघवीतून रक्त जातंय, असं असेल तर मधुमेहावर सगळं ढकलून मोकळं होऊ नये; दुसरा एखादा आजार असू शकतो.

गोळ्यांविषयीचे गैरसमज

‘मेटफॉर्मिनने किडनी खराब होते’ हे वाक्य व्हॉट्सअॅपवर इतकं फिरलंय की लोक गोळी गुपचूप बंद करतात, साखर वाढते आणि किडनी मग खरोखरच बिघडते. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. किडनी दुबळी झाल्यावर हे औषध अंगात साचू नये म्हणून डोस कमी करावा लागतो: क्षमता 45 च्या खाली गेली की सहसा निम्मा, 30 च्या खाली गेली की बंद. ‘किडनी बिघडल्यावर ही गोळी बंद करतात’ याचा अर्थ लोकांनी ‘या गोळीने किडनी बिघडते’ असा लावला. खरी सावधगिरी ग्लिबेनक्लामाइड या जुन्या गोळीबाबत बाळगायला हवी. किडनी दुबळी असताना तिच्यामुळे साखर फार खाली जाऊ शकते आणि तासन्‌तास वर येत नाही. घरातल्या वयस्क माणसाच्या पट्टीवर हे नाव दिसलं तर डॉक्टरांना जरूर विचारा.

साखरेइतकाच, किंबहुना गळती सुरू झाल्यावर साखरेहूनही अधिक महत्त्वाचा आहे रक्तदाब. तो 130/80 च्या खाली ठेवायचा. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, गाळणीतून बाहेर जाणारी रोहिणी सैल करून आतला दाब उतरवतात आणि गळती कमी करतात. लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांमुळे मधुमेहातल्या किडनीचं आयुष्य वाढतं हे 2001 मध्ये मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं. या गोळ्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. तेव्हा क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसतं आणि रुग्ण घाबरून गोळी सोडतो. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात; ती दाब उतरल्याची खूण असते. दोन्ही गटांतल्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, आणि गरोदरपणात दोन्ही चालत नाहीत. मधुमेह असलेल्या तरुण स्त्रियांनी दिवस राहण्याचा विचार करतानाच हे डॉक्टरांना सांगायला हवं.

गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी भर म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या. त्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. 1835 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं काढलं, आणि पुढे कळलं की त्यामुळे लघवीतून साखर जाते. या गोळ्या तेच करतात. नळ्यांना साखर परत खेचू देत नाहीत, साखरेबरोबर मीठही पुढे जातं, मीठ मोजणाऱ्या पेशींचा गैरसमज मिटतो आणि गाळणीतला दाब उतरतो. 2019, 2020 आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की किडनी निकामी होण्याचा वेग यांनी मंदावतो. त्यांतल्या दोन अभ्यासांत तर मधुमेह नसलेले किडनीरुग्णही होते. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात आधीच आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये संपलं. तेव्हापासून देशी कंपन्यांच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. म्हणून लघवीत गळती सापडली असेल आणि यांपैकी एकही गोळी चालू नसेल, तर ‘मला ती चालेल का’ असं डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही. याही गोळीने पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडी खाली जाते, नंतर स्थिरावते. लघवीत साखर जात असल्यामुळे जननेंद्रियांना बुरशीची खाज होऊ शकते. ती जागा धुऊन कोरडी ठेवणं हा बराचसा उपाय आहे. उपास, उलट्या किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा मात्र ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. फिनेरेनोन आणि सेमाग्लुटाइड यांचाही किडनीला फायदा दिसला आहे, पण ती औषधं कोणाला द्यायची हा तज्ज्ञांचा निर्णय.

मेडिकलच्या काउंटरवरून होणारं नुकसान

गुडघे दुखतात, कंबर धरते, म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड: ही सगळी किडनीकडचा रक्तपुरवठा आवळणारी औषधं. धडधाकट माणसाला दोन दिवस चालून जातात. मधुमेह, त्यावर रक्तदाबाची ‘सार्टन’ गोळी, वर लघवी होण्याची गोळी आणि त्यात हे वेदनाशामक, अशी गाठ पडली की एरवी बरी चाललेली किडनी आठवड्याभरात कोसळू शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत बरं. मलम, शेक, व्यायाम त्याहून बरा.

‘किडनी साफ करणारं’ असं कोणतंही चूर्ण, काढा किंवा रस नसतो. किडनी ही धुऊन काढायची वस्तू नाही. काही भस्मांत आणि कोणी बनवलं याचा पत्ता नसलेल्या पुड्यांत शिसं, पारा सापडल्याच्या घटना आहेत. आयुर्वेदिक औषध घ्यायचं तर नोंदणीकृत वैद्यांकडून घ्या, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा, लपवू नका. फळांतही दोन नावं लक्षात असू द्या. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, किडनी दुबळी असलेल्या माणसाला थेट विषासारखं ठरू शकतं. कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून बिलिंबीचा रस भरपूर पिणाऱ्यांच्या किडन्या अचानक बंद पडल्याच्या नोंदी केरळमध्ये आहेत. कोकण-गोव्यात परसात बिलिंबीचं झाड असतं. आमटीत चार बिलिंब्या टाकायला हरकत नाही, पेला भरून रस नको.

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या आधी शिरेतून रंगद्रव्य देतात. तेव्हा मधुमेह आहे, ईजीएफआर इतकी आहे, आणि मेटफॉर्मिन चालू आहे, हे तिथल्या माणसाला आपणहून सांगा.

जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर मेटफॉर्मिन, ‘ग्लिफ्लोझिन’, ‘प्रिल’, ‘सार्टन’ आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवावी लागते. कोणती, किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन मात्र परस्पर बंद करायचं नाही. वारीला पायी निघणाऱ्यांनी हा कागद पिशवीत ठेवावा. आषाढातला उकाडा, बदललेलं पाणी आणि एकादशीचा उपास या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात.

ताटातलं

साखर आणि भात याबद्दल सगळेच बोलतात; किडनीसाठी मिठाबद्दल बोलायला हवं. दिवसाला एका माणसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं मिळून. भाजीत घालतो ते मीठ एकवेळ आटोक्यात असतं. खरं मीठ लोणच्यात, पापडात, फरसाणात, शेंगदाण्याच्या चटणीत, सुकट-बोंबलात, चहाबरोबरच्या खारीत असतं. सैंधवातही सोडियम तेवढंच असतं, ते ‘चालतं’ असं नाही. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी दुबळी असेल किंवा ‘सार्टन’ गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये, कारण पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं नेण्याची आपली पद्धत आहे. किडनीच्या रुग्णाचं पोटॅशियम वाढलेलं असेल तर तेही नको.

दुसरीकडे अती पथ्याचाही त्रास आहे. लघवीत थोडं अल्ब्युमिन सापडलं की कोणीतरी डाळ, कडधान्यं, दूध, टोमॅटो, पालेभाज्या सगळं एकदम बंद करायला सांगतं. डायलिसिसच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं पथ्य पहिल्या पायरीवरच्या माणसाला लावलं जातं आणि तो दोन-तीन महिन्यांत वाळतो. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे 0.8 ग्रॅम असावीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. आपल्या शाकाहारी घरांतलं जेवण या मर्यादेच्या वर सहसा जातच नाही, तेव्हा डाळीची वाटी राहू द्या. जिममधली प्रोटीन पावडर मात्र थांबवा. गुळाने साखर वाढत नाही, हा समज तर आता सोडून द्यायलाच हवा.

पाणी तहानेनुसार प्यावं. चार-पाच लिटर पाणी ढोसून मधुमेहाची किडनी वाचत नाही. पायांवर सूज असेल तर उलट पाणी मोजून प्यावं लागतं.

तंबाखू, विडी, मिसरी: सगळी रक्तवाहिन्या आवळतात. मिसरी लावणाऱ्या बायका ती तंबाखूत धरत नाहीत, म्हणून वेगळं लिहिलं.

पुढचा टप्पा आलाच तर

क्षमता 30 च्या खाली गेली, गळती 300 च्या वरच राहिली, वर्षात ईजीएफआर पाचाहून अधिक घटली, किंवा रक्तदाब तीन गोळ्यांनीही आवरत नसेल, तर किडनीतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. अनेकांना वाटतं की तिकडे गेलो की डायलिसिस लावतील. खरं उलट आहे: लवकर गेलेल्यांचं डायलिसिस पुढे ढकलता येतं. हृदयाचीही तपासणी करून घ्या. या आजारात डायलिसिसपर्यंत पोचण्याआधी हृदयविकाराने गेलेल्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली असेल तर ती टाळू नये.

डायलिसिस दिसू लागलं असेल तर ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या शिरा जपा. रक्त काढायला, सलाइन लावायला दुसरा हात पुढे करा, कारण पुढे त्या जपलेल्या हाताच्या शिरेतून डायलिसिस करायची वाट तयार करतात. हिपॅटायटिस बी ची लस वेळेत घ्या. प्रत्यारोपणाबद्दल घरात आधीच बोला. डायलिसिस सुरू होण्यापूर्वीही ते करता येतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास, हा डायलिसिसचा क्रम माणसाचा रोजगार आणि घराची घडी दोन्ही मोडतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च मिळतो आणि 2016 पासून केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय झाली आहे. योजनेत नाव घालण्यासाठी रेशनकार्ड आणि आधार तयार ठेवा.

पण हे शेवटचे परिच्छेद आपल्यासाठी नसावेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी आज मधुमेहाची फाइल उघडावी. गेल्या बारा महिन्यांतला ‘युरीन एसीआर’चा कागद तिच्यात आहे का बघा. नसेल तर उद्या सकाळची पहिली लघवी लॅबमध्ये नेऊन द्या, आणि रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर लिहून मागा.